उजवा कौल

जमिनीवर पाऊल ठेवलं आणि जमीनच हलली.

मांडवीच्या काळ्या वाळूत मी तशीच उभी राहिले. एका हातात देवांची पिशवी, दुसरा हात ह्यांच्या दंडावर. समोरची माडांची रांग सावकाश वर जात होती, सावकाश खाली येत होती. माडांमागची घरंही तशीच. मला वाटलं, आता ही घरं नांगर उचलतील आणि निघतील.

“होतं असं,” हे म्हणाले. “दर्या अंगात राहतो दोन दिवस. जमीन जागच्या जागी आहे. तूच अजून बोटीत आहेस.”

हे म्हणजे माझे यजमान. उभं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेलं. निवृत्त झाल्यावर माणसं ब्लॉक घेतात, गुडघ्याला लावायचं तेल घेतात. ह्यांनी मुंबईच्या दारूखान्यातून, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथून, एका मोडीत निघालेल्या जहाजाची लाइफबोट घेतली. उरणला आमच्या घरामागे ती दोन पावसाळे उपडी पडली होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. मग एकेक करून तिला डोलकाठी आली, शीड आलं, झोपायला दोन फळ्या आल्या, ‘गोमती’ हे नाव आलं. सत्त्याऐंशी सालची दिवाळी झाली, वारा उत्तरेचा लागला, आणि हे म्हणाले, “कारवारपर्यंत जाऊन येऊ. येतेस?”

लग्नानंतर ह्यांनी मला ‘येतेस?’ असं पहिल्यांदाच विचारलं होतं. एरवी नेहमी ‘येतो’ म्हणूनच निघायचे. म्हणून मी गेले.

माझा नेम साधा आहे. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही. लग्न होऊन आले त्याच महिन्यात हे जहाजावर चढले, तेव्हा सासूबाईंनी दिलेला हा नेम. “माणूस पाण्यावर असेल तोवर दिवा चुकवायचा नाही,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मी चुकवला नाही. बाळंतपणात सासूबाईंनी लावला, तापात पोरीने लावला, पण दिवा लागला. आता बोटीवर वाऱ्यात दिवा टिकायचा कसा? ह्यांचा देवाधर्माशी फारसा संबंध नाही, पण ह्यांनी डोलकाठीच्या बुडाशी काचेची एक पेटी ठोकून दिली, वर धूर जायला भोक ठेवून. रोज संध्याकाळी मी त्यात निरांजन ठेवायची. आणि रोज मला कोडं पडायचं. ज्याच्यासाठी हा दिवा, तो तर पलीकडे बसून कांदा चिरतोय. आणि पाण्यावर तर मीही आहे. मग किनाऱ्यावर दिवा कोण लावतंय?

जयगड मागे पडल्यावर समुद्र उलटला. वादळ म्हणावं असं काही नव्हतं, हे म्हणतात. पण लाटा मागून यायच्या आणि बोटीचं बूड धरून फिरवायच्या. त्यातच सुकाणूची बिजागरी तुटली. मी आत फळीला घट्ट धरून बसले होते आणि पोटात जे होतं ते सगळं बाहेर पडत होतं. पहिल्यांदा मला असं वाटलं की आपण देवाचं नाव घेतोय ते भक्तीने नाही, निव्वळ घाबरून. त्या संध्याकाळी दिवा लागला, पण कसा लागला ते मलाच माहीत.

सकाळी मिरकरवाड्याच्या एका मच्छीमार लाँचने आम्हाला दोर टाकला. दोराला बांधलेली गोमती मुकाट मांडवीकडे निघाली, तेव्हा हे माझ्याशेजारी येऊन बसले.

“हे बघ,” म्हणाले, “सुकाणू दुरुस्त व्हायला चार-पाच दिवस लागतील. मग तू रत्नागिरीहून एस.टी. धर. पनवेलला उतरलीस की घर आलंच. मी पुढे एकटा जातो.”

“एकटे?”

“आयुष्यभर एकटाच तर होतो.” त्यात राग नव्हता. “तू घरी दिवा लाव. मला त्याचा विमा कंपनीपेक्षा जास्त भरवसा आहे.”

एवढंच मनात घेऊन मी मांडवीला उतरले होते: पुढे जायचं की घरी परतायचं. सुकाणू तयार होईपर्यंत ते ठरवायचं होतं.

*

लाँच चालवणाऱ्या तांडेलाची बहीण सगुणा. तिच्या घराची मागली खोली आम्हाला मिळाली. गोमती भाट्याच्या खाडीत नांगरलेली, तिचं सुकाणू लवू मेस्त्रींच्या अंगणात, आणि आम्ही सगुणाच्या पडवीत.

“या गो काकू, आधी पाय धुवा. अंगाचा सगळा मीठ झालाय तुमच्या,” सगुणाने पहिल्याच पावलाला सांगितलं. चाळिशीची असेल. चालताना पुढे झुकून चालायची, जणू कायम डोक्यावर पाटी आहे. माझ्या हातातली पिशवी बघून थबकली. “देव हायत काय त्याच्यात? आगो बाय. माझ्या अंगणात सुकट वाळत पडलीय. तुमच्या देवास्नी वास चालंल काय?”

“माझे देव समुद्रातूनच आलेत,” मी म्हटलं. “त्यांना सवय झाली असेल.”

तिला हसू आवरेना. पण लगेच तिने सुकटीची चटई घरामागे ओढत नेली.

विहिरीचं पाणी अंगावर घेतलं ते आजही मला आठवतं. गोड पाणी! बोटीवर गोडं पाणी पेल्याने मोजून प्यायचं, अंघोळ खाऱ्याने. इथे मी तांब्यामागून तांबे घेत राहिले. केसांतून मीठ उतरलं, कानामागून उतरलं, नखांतून उतरलं. माझी लुगडी मी सगुणाच्या दांडीवर वाळत घातली. ती वाऱ्याने फुगली, आणि घरच हळूहळू पुढे सरकतंय असं दिसायला लागलं. मी डोळे मिटले. पायांखाली जमीन अजून झुलत होती, पण आता ती पाळण्यासारखी झुलत होती.

ते दिवस मला स्वप्नातले वाटतात. कसलीच घाई नव्हती. सकाळी मी जप संपवून त्या वेळेपुरतं धरलेलं मौन सोडायची, तोवर हे लवू मेस्त्रींकडे गेलेले असायचे. मी बाजारातून तांदूळ, पोहे, तूप आणायची, पुढच्या वाटेसाठी चिवडा करायची, लिंबाचं लोणचं घालायची. कुणाच्या वाटेसाठी, एकाच्या की दोघांच्या, ते न ठरवताच करायची. फडताळावरच्या भांड्यांकडे बघत राहायची. पेला ठेवला की तो तिथेच राहतो! घरंगळत नाही, कोपऱ्यात जाऊन आपटत नाही. केवढी मोठी गोष्ट ही, आणि आजवर मला तिची किंमत नव्हती. दुपारी पडवीत आडवी झाले की लाटांचा आवाज यायचा, पण आता तो दुसऱ्या कुणाचा तरी आवाज होता. मला काही न मागणारा.

सगुणाला आमच्या बोटीचं फार कुतूहल.

“तुमी दोघंच? त्या एवढ्याशा होडीत?”

“दोघंच.”

“झोपता पण तिथंच?”

“तिथेच.”

तिने सूप खाली ठेवलं. “आणि भांडण झाला म्हणजे? जाता कुठं? मी तर भांडण झाला की सरळ माहेरला, पल्याडच्या आळीत. चार दिवस तोंड दाखवत नाय.”

“आम्ही फारसं भांडत नाही.”

“मग दिवसभर करता तरी काय?”

ती हसली, मग जवळ सरकून म्हणाली, “काकू, राग नको. पण बाय माणसाने होडीत बसू नये. आमच्यात कोण बसत नाय. मी जन्मले मांडवीत, लग्न झाला मांडवीत, नवरा ट्रॉलरवर, बाप होडीवर, भाऊ लाँचवर. पण मी पाण्यात घोट्यापलीकडं गेले नाय. दर्याला आवडत नाय ता.”

तिचा नवरा महिपत त्या वेळी समुद्रात होता. तिन्हीसांजेला मी खोलीत दिवा लावला की सगुणा आपला कंदील पुसून समुद्राकडच्या खिडकीत ठेवायची. काचेवर फुंकर मारून, पदराने पुसून, वात बेतशीर वर करून. शेजारच्याही दोन-तीन खिडक्यांत तसेच कंदील दिसायचे. मग ती माझ्याजवळ येऊन बसायची. मला वाटायचं, माझी जागा ही. मला हेच काम येतं. उरणच्या माझ्या देवघरात आता काळोख असेल, कारण दिवा लावणारी बाई पाण्यावर भटकत होती.

“तुमच्या मनात कायतरी गुंता हाय,” सगुणा एकदा म्हणाली.

मी तिला सांगितलं. ह्यांनी सांगितलेलं एस.टी.चं, माझ्या भीतीचं, दिव्याचं. बोलताना माझा आवाज नेहमीच लहान होतो. तिला वाकून ऐकावं लागलं. सगळं ऐकून ती म्हणाली, “मग ता डोक्यात घेऊन का बसलात? देवीला गाऱ्हाणा घाला की. उद्या मंगळवार. भागोजी गुरव कौल लावील.”

*

माडांच्या वाडीतून वर जाणारी जांभ्या दगडाची पायवाट होती, तिच्या शेवटी देवीचं छोटंसं देऊळ. आत गारवा, तेलाचा वास, काळ्या पाषाणाची देवी. मला देवळात गेलं की नेहमी वाटतं तेच वाटलं, की इथे कुणीतरी आपल्या आधीपासून जागं आहे.

कौल आमच्याकडेही माहीत आहे, पण इथला मी पहिल्यांदाच पाहिला. गुरव पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या कळ्या देवीच्या अंगावर चिकटवतो, उजव्या बाजूला आणि डाव्या बाजूला. मग गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

गाभाऱ्याबाहेर पाच-सात माणसं बसली होती. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाच्या मुलीचं जमत नव्हतं. माझा नंबर आला. भागोजी गुरव म्हातारा, कमरेला पंचा, डोळ्यांवर जाड भिंगं.

“काय विचारायचा?” त्याने विचारलं.

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. नवऱ्याबरोबर होडीत जाऊ की नको, हे परक्या पुरुषांसमोर मोठ्याने कसं विचारायचं? “पुढच्या प्रवासाचं...” मी म्हटलं, “आमची बोट आहे ना खाडीत...”

“ती शिडाची? समजला, समजला.” भागोजीने हात वर केला. “नका सांगू. देवीला ठाऊक हाय.”

मी डोळे मिटले, हात जोडले. भागोजीचा आवाज एकदम बदलला. बसका, रेंगाळणारा, जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा.

“बा म्हामाये! आज तुझ्या ह्या बंदरात परमुलखाची होडी लागलीय. तिचा मालक तुझ्या दर्यात निघालाय. त्याची ही घरधनीण तुझ्या पायरीवर उभी हाय. ती घरी बसून तुझा दिवा लावील. वाटेत वारा असंल, लाट असंल, कुणाची नजर असंल, ती बाजूला कर, आणि मालकाला सुखरूप हिच्या दारात आणून सोड. तो जातो, ही राहते, ह्या गोष्टीला तुझी राजी असंल तर उजवी दे!”

“व्हय म्हामाये!” मागची माणसं म्हणाली.

मी डोळे उघडले. “अहो, तसं नाही,” असं मी म्हटलं असावं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. आणि तेवढ्यात उजवी कळी देवीच्या खांद्यावरून सुटली, अलगद, जणू तिने स्वतःच झटकली, आणि पायाशी येऊन पडली.

“उजवा दिला!” भागोजीने मागे वळून बघितलं. भिंगांआड डोळे हसत होते. “जा बाय. निर्धास्त घरी जा.”

पायवाटेने उतरताना पायांखालची जमीन पहिल्यांदाच स्थिर होती. मला केवढं हलकं वाटत होतं! देवीने सांगितलं: तो जातो, ही राहते. झालं. लाटा नाहीत, फळीला धरून बसणं नाही. वाटेत एका वाडीच्या दगडी गडग्यावर मी टेकले. सगुणा पुढे काहीतरी बोलत होती. आणि हळूहळू, कपड्यात पाणी झिरपावं तसं, माझ्या मनात झिरपत आलं की मी हे विचारलंच नव्हतं. भागोजीचा तरी काय दोष? ह्या गावात होडीचा मालक जातो आणि बाई राहते. दुसरं काही असू शकतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार. त्याने त्याच्या गावचा प्रश्न विचारला, देवीने त्या प्रश्नाला होकार दिला. माझा प्रश्न माझ्या तोंडातच राहिला.

आणि तरी मला आनंद झाला होता. तो आनंद मी नीट तपासून बघितला. तो श्रद्धेचा नव्हता. सुटकेचा होता.

“सगुणा,” मी म्हटलं, “परत लावायला सांगू या?”

ती हबकली. “परत? उजवा दिल्यावर? काकू, देवीला काय वाटंल? एकदा दिलेला शब्द कोण परत विचारतो काय?”

तरी मी वर गेले. भागोजी कळ्यांचं तबक आवरत होता. मी त्याला माझा खरा प्रश्न सांगितला, ह्या वेळी पुरता. तो ऐकत राहिला. मग मटकन पायरीवर बसला.

“तुमी? होडीतून आलात? बसून?” त्याने कपाळाला हात लावला. “आगो आये. मला वाटला, तुमी एस.टी.ने आलात नि भेटायला उतरलात.” मग तो देवीकडे वळला. “आता त्याच वाटेचा कौल दुसऱ्यांदा लावता येत नाय. माझ्या हातून चुकला. पण बाय, ता तिच्याकडं रुजू झाला. मोडू नका.”

*

दोन दिवस मी मोडायचं की नाही ह्याच विचारात होते. कौल मोडणं माझ्याच्याने होणार नव्हतं. सुकाणू तयार झालं. ह्यांनी मला एस.टी.च्या वेळा सांगितल्या, खिडकीशेजारची जागा बघून बस असं सांगितलं. मी मान हलवली. संध्याकाळी आम्ही मांडवीच्या वाळूत भेळ खाल्ली. ह्यांनी माझ्या कागदातल्या टोमॅटोच्या फोडी उचलून घेतल्या, मी त्यांच्या कागदातले शेंगदाणे. किती वर्षं झाली असतील आम्हाला असं शेजारी बसून काही खाऊन! ह्यांच्या सुट्टीतल्या दिवसांत पाहुणे असायचे, कामं असायची, आणि मग परत बॅग भरायची. माझ्या मनात आलं, आपण जमिनीवर आहोत म्हणून हे सुख आहे, की हे शेजारी आहेत म्हणून? मी उठले आणि दिव्याची वेळ झाली म्हणून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे गोमतीवर सुकाणू बसवायला निघाले. मी माझी राहिलेली भांडी आणायला बरोबर जाणार होते. सगुणा दारात उभी होती. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुरुषमाणसं जेवून लवंडलेली.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “नांगरलेल्या होडीत बसला तर ता दर्यात गेल्यासारखा होत नाय ना?”

“नसावं.”

“ही होडी मासे मारायची पण नाय.”

“नाही.”

“मग मी येत्ये. कुणाला सांगू नका हां. भावाला कळला तर विटाळ झाला म्हणून लाँच धुऊन काढील.”

छोट्या होडीतून ह्यांनी आम्हाला नेलं. सगुणा मध्यभागी डोळे घट्ट मिटून बसली, माझ्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ उठले. गोमतीवर चढल्यावर तिने एकेक वस्तू हात लावून बघितली. फळ्या, स्टोव्ह, काचेची पेटी. “देवघर पण हाय की!” मग ती वर आली, आणि डोलकाठीला धरून उभी राहिली. खाडीचं पाणी हिरवंगार होतं. भरती लागली होती. गोमती नांगराच्या दोरावर हळूहळू फिरली, आणि मांडवीचा किनारा समोर आला.

सगुणाने बोट दाखवलं.

“ता आमचा घर?” तिने विचारलं.

“ते. माडाला टेकलेलं.”

“एवढासा?” ती बघतच राहिली. “मी त्याला आजवर ह्या बाजूने बघितलाच नाय.” मग तिने डोळ्यांवर हाताची छपरी धरली. “खिडकी कुठं हाय?”

आम्ही दोघींनी शोधली. सापडेना. खाडीच्या तोंडापासून घर इतकं जवळ, तरी माडांच्या झावळ्यांत खिडकी पार बुडून गेली होती.

“खिडकी दिसत नाय,” सगुणा म्हणाली. “म्हणजे कंदील पण दिसत नसंल.” तिच्या आवाजात दुःख नव्हतं, नवल होतं. “इथूनच दिसत नाय, तर त्यास्नी तिकडून काय दिसंल? त्यांनी कधी सांगितला नाय मला. दर खेपेला म्हणतात, तुझा कंदील बघत आलो.”

ती हसायला लागली. आधी हळू, मग डोलकाठी हलेल इतकी. “खोटारडा! येऊ दे घरी!” हसता हसता तिने डोळे पुसले. “तरी मी लावणारच हां, काकू. तो तसा म्हणतो ना, मग लावणारच.”

हे पाठमोरे वाकून सुकाणूची बिजागरी बसवत होते. मानेवर उन्हाने काळा पडलेला पट्टा, त्यावर एक पांढरा केस चिकटलेला. माझा दिवा तर ह्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता. हे कधी आफ्रिकेच्या केपच्या पलीकडे, कधी जपानात. मला तो केस काढावासा वाटला. मी हात लांब केला आणि काढला. इतकंच करायला लागलं. लांब हात करायला.

“काय गं?” हे न वळताच म्हणाले.

“काही नाही. केस होता.”

तिथे उभ्या उभ्या मला कळलं की मी कशाच्या तयारीत होते. हात पोचेल इतक्या जवळ आलेल्या माणसाला मी परत दूर धाडणार होते, दिवा लावायला कुणीतरी दूर असावं म्हणून. सासूबाईंनी नेम दिला तो विरहासाठी दिला होता. विरह जपून ठेव, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. आणि देवी? देवीने तर मला ‘राहा’ म्हटलंच नव्हतं. ‘राजी असंल तर’ असं भागोजीने विचारलं, ती राजी झाली. मी राहिले तर तिची हरकत नव्हती. मी गेले तर हरकत आहे का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ते आता माझं मलाच बघायचं होतं, कळीशिवाय.

भीती तशीच होती. ती गेली नाही.

*

निघायच्या सकाळी ह्यांनी माझी बॅग पडवीत आणून ठेवली. सगुणाने रिक्षा सांगितली होती. मी जप संपवला, देव पिशवीत घातले. लोणच्याची बरणी आणि चिवड्याचा डबा ह्यांच्या सामानात ठेवला. मग बॅग उचलली आणि त्याच्याच शेजारी ठेवली.

“ती नाही,” हे म्हणाले. “ती तुझी.”

“माहीत आहे.”

हे माझ्याकडे बघत राहिले. इंजिनाचा आवाज बदलला की माणूस कान देतो, तसे. मग दोन्ही सामानं खांद्यावर घेतली.

सगुणाने मात्र कमरेवर हात ठेवले. “काकू! आणि देवीचा कौल?”

“तो मोडत नाही गं,” मी म्हटलं. “देवळात जाऊन सांगून आलेय तिला. तुझा उजवा माझ्या डोक्यावर आहे, पण मी जाते म्हटलं.”

“मग? काय म्हणाली ती?”

“मी थांबले नाही ऐकायला.”

सगुणाने तोंडाला पदर लावला. मग आत पळाली आणि एक ताजा नारळ घेऊन आली. “खाडीच्या तोंडाशी सोडा. माझ्याकडून म्हणून सांगा दर्याला. म्हणावं, ही बाय गरीब हाय, आवाज पण बारीक हाय, हिला गिळून तुझा काय पोट भरणार नाय.”

रिक्षावाल्याला तिनेच परत पाठवलं.

भाट्याच्या तोंडाशी पाणी उथळ आहे, तिथे लाटा फुटतात. नारळ मी दोन्ही हातांनी सोडला. तो बुडाला, वर आला, आणि आमच्यापेक्षा बराच शहाणपणा दाखवत किनाऱ्याकडे निघाला. गोमतीने नाक वर केलं, खाली आपटलं. मी डोळे मिटणार होते.

“मिटू नकोस,” हे म्हणाले. “मिटलेस की बोट जास्त लागते. इकडे ये. सुकाणू धर.”

“मी?”

“मग कोण? मला शीड ओढायचंय.”

लवू मेस्त्रींनी नवीन घातलेला लाकडी दांडा हाताला खरखरीत लागला. त्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी होतं, आणि ते पाणी ओढत होतं. हट्टाने नाही. मूल बोट धरून ओढतं तसं, कधी ह्या बाजूला, कधी त्या. मी थोडं ओढलं. गोमती थोडी वळली. अख्खी बोट, डोलकाठीसकट, माझ्यामुळे वळली! मला हसू आलं आणि तेवढ्यात मळमळूनही आलं.

हे शिडाच्या दोरीशी झटत होते. ती एकदाची बांधून झाली. शीड भरलं. मग हे माझ्याशेजारी येऊन टेकले.

“देवळात गेली होतीस म्हणे. सगुणा सांगत होती. काय कौल लागला?”

“तुम्ही जा, असा.”

“आणि तू?”

“माझं कुणी विचारलंच नाही तिला.”

ह्यांनी बांधलेली दोरी पुन्हा चाचपून बघितली. “मी पण नीट विचारलं नाही तुला,” मग म्हणाले. “सरळ एस.टी.च्या वेळा सांगितल्या.”

“मग आता विचारा.”

“आता काय विचारू? बसलीस की.”

“तरी विचारा.”

ह्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. भगवतीच्या किल्ल्यावरची दिवादांडी मागे सरकत होती, सकाळच्या उन्हात विझलेली, पांढरी.

“येतेस?” हे म्हणाले.

“थांबा जरा,” मी म्हटलं, सुकाणू त्यांच्या हातात दिलं, आणि घाईघाईने बोटीच्या कडेवरून वाकले.